बारा चिंचोके

चाफले सरांच्या काळ्या कोटाचे दोन्ही खिसे कायम खाली लोंबत असत. पाहणाऱ्याला वाटे, मास्तर वर्गात काहीतरी खायला घेऊन जातात. मलाही तसंच वाटलं. शाळेत रुजू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना विचारलं, "काय सर, फुटाणे का?" त्यांनी खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर मूठभर चिंचोके ठेवले. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. "बारा हायेत, मोजून पाहा," म्हणाले, आणि मी पाचापर्यंत पोचलो तोच ते परत खिशात टाकून, खडू उचलून वर्गावर गेलेसुद्धा.

आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. अल्लीपूरच्या अलीकडे एका गावात नवं हायस्कूल निघालं होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या वेळची काही माणसं अजून आहेत आणि माझी जीभ त्यांना चांगली ठाऊक आहे. मी वर्धा शहरातला, ताजा पदवीधर, इतिहास शिकवायला आलेला. चाफले सर चाळिशी ओलांडलेले, गणित आणि शास्त्र शिकवायचे. गाव त्यांना महादेवजी म्हणायचं, मुलं चाफले सर म्हणायची, आणि पाठीमागे सगळेच 'चिंचोके मास्तर' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं.

चिंचोक्यांचा उपयोग असा. सर वर्गात प्रश्न विचारायचे. विचारून झाला की उजव्या खिशातला एक चिंचोका काढून डाव्या खिशात टाकायचे. एक लांब श्वास घ्यायचे, मग दुसरा. बारा चिंचोके इकडून तिकडे जाईपर्यंत कुणाचंही उत्तर घ्यायचं नाही. पहिल्या बाकावरच्या हुशार पोरांचे हात वर होऊन दुखायला लागायचे, पण सर त्यांच्याकडे बघायचेच नाहीत. ते बघायचे खिडकीकडच्या, कोपऱ्यातल्या, दुसऱ्याच्या पाठीआड बसलेल्या पोरांकडे. सात-आठ चिंचोके झाले की तिकडे कुणाच्या तरी भुवया हलायच्या. दहाव्याला एखादा हात अर्धवट वर यायचा. हुशार पोरांना या पद्धतीचा फार राग होता. मलाही होता, कारण मी शाळेत त्या पहिल्या बाकावरचाच होतो.

"बाराच काऊन?" मी एकदा विचारलं.

"पहिले दहा होते," ते म्हणाले. "मंग पाह्यलं, दहा झाल्यावर बी दोन पोट्टे बोलाले लागले. आता त्याइले का गावाबाहेर ठेवू? बारा केले."

कुणी म्हणेल, मोठा शांत माणूस असणार. छे. इतका घायकुता माणूस मी दुसरा पाहिला नाही. चालायचे असे की सोबतच्याला पळावं लागे. जेवण दहा मिनिटांत. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी यांचं उत्तर तयार. घरी काकू वाढत असायच्या आणि हे पाणी पिऊन उठायचे. काकू मला म्हणायच्या, "तुमचे सर लग्नात बी माह्या दोन पावलं समोर होते. पाच फेऱ्या माह्या, सात त्यांच्या झाल्या असन." थांबणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून तर ते खिशात ठेवावं लागलं. हे मला कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी ते एक खूळ समजत होतो आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करून चहा फुकट पीत होतो.

पोरं तरी काय कमी होती? एका दुपारी खेळाच्या तासाला सरांनी कोट खुंटीला अडकवला, तेवढ्यात कुणीतरी उजव्या खिशात आणखी ओंजळभर चिंचोके भरले. पुढचा तास नववीचा. सरांनी विचारलं, पाण्यात लाकूड का तरंगतं, आणि चिंचोके टाकायला लागले. बारा झाले असणार, वीस झाले असणार. सर मोजत नसत, खिसा रिकामा होईपर्यंत टाकत. पोरं खाली माना घालून खिदळत होती. सर टाकतच राहिले. हळूहळू खिदळणं संपलं. मग कंटाळा आला, मग तोही संपला, आणि पोरं खरोखरच लाकडाचा विचार करायला लागली. घंटा झाली तेव्हा सरांच्या उजव्या खिशात अजून चार-पाच शिल्लक होते. ते हसले आणि म्हणाले, "आज कोनंतरी मले थांबाले शिकवलं. ज्यानं शिकवलं त्याले मी गुरू मानतो." दुसऱ्या दिवशी त्या वर्गातल्या अकरा पोरांनी लाकडाचं उत्तर वहीत लिहून आणलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

हे खूळ कुठून आलं, ते मला समुद्रपूरच्या मोटारीत कळलं. सरांचं मूळ घर समुद्रपूरला. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर निघालो होतो. सरकारी मोटार आली, माणसं तुटून पडली. कंडक्टर एक उंच, सावळा, तिशीतला माणूस. त्याने सरांना पाहिलं आणि दारात आडवा हात धरला. "पहिले सरले चढू द्या." सर चढले, बसले, पिशवी मांडीवर घेतली, कोट सारखा केला, तोवर त्याने घंटी दिली नाही. ड्रायव्हर कुरकुरला. हा म्हणाला, "थांब ना बाप्पा. घाई काऊन करतं?"

मोटार सुरू झाल्यावर सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. पऱ्हाटी फुटली होती, कापसाने शेतं पांढरी झाली होती. मग आपणहून म्हणाले, "हा माह्या वर्गात होता. समुद्रपूरले. मी तेव्हा तुमच्याएवढा. एक दिवस प्रश्न विचारला, हा उभा राह्यला, तोंड उघडलं. मी म्हनलं, बस खाली, पुढचा सांग. असं वर्षभर केलं मी. एकदा नाई, वर्षभर. मंग यानं शाळा सोडली. पुढं मोटारीत भेटला तेव्हा तिकीट फाडता फाडता म्हनते, सर, तुमी थोडे थांबले असते त मी सांगतलं असतं." सरांनी कंडक्टरकडे पाहिलं. "रागानं नाई म्हनलं हो त्यानं. रागानं म्हनलं असतं त मी झोपलो असतो."

मी त्या प्रवासात पुढे काही बोललो नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

सुट्टीहून परतल्यावर मी इतिहासाच्या तासाला गुपचूप चिंचोके नेले. प्रश्न विचारला आणि खिशात हात घातला. तीन चिंचोक्यांवर माझा धीर सुटला आणि उत्तर मीच सांगून मोकळा झालो. आठवडाभर प्रयत्न केला, पाचाच्या पुढे गेलो नाही. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की माझ्या तासाला आवाज फक्त माझाच असतो. मुलं मान डोलवत होती आणि मी त्याला शिकवणं समजत होतो.

आणि मग पंचफुला.

गावाबाहेर ओढ्याकाठी सुखदेव माळ्याची वाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हंगामात टमाटर. भल्या पहाटे भाजी तोडायची, जुड्या बांधायच्या आणि बैलबंडीत घालून बाजाराला न्यायची. त्याची सोळा वर्षांची मुलगी पंचफुला दहावीत होती. वर्गात मुली तीनच, भिंतीकडच्या एका बाकावर. दोघी निदान एकमेकींशी कुजबुजायच्या. पंचफुला तीन वर्षांत वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीलासुद्धा नुसती उभी राहायची. लिहायची बरं, पण इतकं हळू की पेपर नेहमी अर्धा राहायचा. आम्ही सगळ्यांनी तिला मंद ठरवून टाकलं होतं. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

त्या वर्षी हिवाळ्यात इन्स्पेक्शन जाहीर झालं. हेडमास्तर वाईट नव्हते, घाबरट होते. शाळा नवी, मान्यता दरवर्षी मागून घ्यावी लागायची. दहावीतून अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला, कुणाला चढवायचं याची यादी त्यांनी काढली आणि पंचफुलाच्या नावापुढे फुली मारली. सुखदेवला बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "पोरगी बोलत नाई, हे खरं हाये साहेब. वाडीत बी नाई बोलत. पन वाडीत भाजी तरी तोडते. इथं नुसती बसून राह्यली असन त मी नेतो तिले."

चाफले सर तिथे वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली. "सुखदेवजी, इन्स्पेक्शन होऊ द्या. तवर नेऊ नका."

"इन्स्पेक्शनच्या दिवशी तिला घरीच ठेवा," हेडमास्तर म्हणाले.

"ती वर्गात बसन."

"बसवा. पण काही विचारू नका. साहेबांसमोर ती उभी राहिली आणि बोलली नाही, तर फुली मी मारलीच आहे, ती कायम होईल. मग मला बोलू नका."

सुखदेव गेला. मी सरांना गाठलं आणि म्हटलं की हेडमास्तर या वेळी बरोबर बोलतायत, उगाच तिची शोभा करू नका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वर्गात बसवाचं आन विचाराचं नाई, मंग ते पोरगी कुठं राह्यली? बाक झालं ते." आणि तरातरा निघून गेले. मला त्यांचा संताप आला. वाटलं, या माणसाला आपलं खूळ खरं करून दाखवायचंय आणि त्यासाठी तो पोरीचं शिक्षण डावाला लावतोय. पुढे वाटायला लागलं की तेही थोडं खरं असेल. साधू नव्हते ते.

इन्स्पेक्टर साहेब आले. जबलपूरकडचे होते, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदीत. जानेवारीची सकाळ, वर्गात सगळे कुडकुडत होते. साहेब खुर्चीवर, शेजारी हेडमास्तर, मागे भिंतीला टेकून आम्ही दोघं-तिघं मास्तर. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी प्रश्न आणि उत्तरं ठरवून दिली होती. सरांनी पहिले दोन प्रश्न त्यातले घेतले. पहिल्या बाकावरच्या पोरांनी धडाधडा उत्तरं दिली. साहेब खूश दिसले. मला हायसं वाटलं.

मग सर खडू ठेवून पुढे आले आणि म्हणाले, "आता हिवाळा हाये. सकाळी विहिरीचं पाणी काढलं त गरम लागते. उन्हाळ्यात तेच पाणी गार लागते. असं काऊन? पंचफुला सांगन."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

पंचफुला उभी राहिली. सरांनी पहिला चिंचोका टाकला. ती खाली बघत होती. पहिल्या बाकावर हात वर झाले, सरांनी पाहिलंच नाही. पाच झाले. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं. आठ झाले. शेजारच्या मुलीने तिला कोपरानं ढोसलं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्या तोंडात उत्तर वळवळत होतं, ते मी दातांखाली धरलं होतं. बारा झाले. पंचफुला बोलली नाही.

सरांचा हात डाव्या खिशात गेला. त्यांनी तिथला चिंचोका काढला आणि परत उजव्या खिशात टाकला. मग दुसरा. हे त्यांनी कधी केलं नव्हतं. मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. जानेवारीतल्या त्या थंडीत त्यांना घाम फुटला होता. तो घायकुता माणूस तिथे उभा राहून स्वतःला कसा धरून ठेवत होता, हे मी त्या दिवशी पाहिलं.

उलट्या फेरीतले सात-आठ झाले असतील. पंचफुलाने आपला उजवा हात वर उचलला आणि स्वतःच त्याच्याकडे पाहिलं. "पानी तेच रायते सर," ती म्हणाली. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "खोल रायते ना, त्याले थंडी नाई वाजत, ऊन नाई लागत. आपला हातच गार झाला रायते. म्हनून ते गरम लागते."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिचा आवाज कसा आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. "जवाब बहुत अच्छा है. लेकिन दो मिनट लगे, मास्टरजी."

"नहीं साब," चाफले सर म्हणाले, "सोला साल लगे." आणि पाठ फिरवून फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

नंतर साहेबांचा शेरा आला. वर्गात वेळ फार खर्च होतो, अभ्यासक्रम पुरा होण्याची काळजी घ्यावी, असं काहीसं. हेडमास्तरांनी मॅट्रिकचा वर्ग सरांकडून काढून एका तरुण शिक्षकाला दिला आणि सरांना पाचवीवर घातलं. पण पंचफुलाच्या नावापुढची फुली त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. मी सरांजवळ हळहळ करायला गेलो. ते म्हणाले, "पाचवीतले पोट्टे तर याहून हळू बोलते. मले पहिलेच इथं टाकाले पायजे होतं." त्यांना वाईट वाटलं होतं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत, हे मला काकूंनी सांगितलं.

पंचफुला मॅट्रिकला पहिल्या वेळी नापास झाली, पेपर अर्धा राहिला म्हणून. दुसऱ्या वेळी पास झाली. मग ट्रेनिंग करून आंजीकडे एका प्राथमिक शाळेत लागली. तोवर आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता आणि माझी बदली हिंगणघाटला झाली होती. जाताना सरांनी मला चिंचोके दिले नाहीत. मी मागितले होते. म्हणाले, "तुमचे तुमी जमवा."

दशक संपत आलं तेव्हा एका दुपारी हिंगणघाटच्या स्टँडवर तोच उंच कंडक्टर मला शोधत आला. "सरले लकवा मारला," म्हणाला. "उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. समुद्रपूरच्या घरी आनलं हाये." मी आंजीला पंचफुलाला चिठ्ठी पाठवली आणि रविवारी आम्ही दोघं त्याच्याच मोटारीने समुद्रपूरला गेलो. चारची परतीची मोटार चुकवू नका, पुढे गाडी नाही, असं त्याने उतरताना बजावलं.

सर अंगणाकडच्या खोलीत बाजेवर पडले होते. दाढी वाढलेली. पांघरुणावर एक ताटली आणि तिच्यात चिंचोके. डॉक्टरांनी उजव्या हाताला व्यायाम सांगितला होता, तर काकूंनी कोटाच्या खिशातलेच काढून दिले होते. एक एक उचलून ताटलीच्या दुसऱ्या कडेला ठेवायचा. एकेका चिंचोक्याला फार वेळ लागत होता.

आम्हाला पाहून त्यांचं तोंड हललं. "प... प..." काकू धावल्या. "पाणी पायजे?" मी म्हटलं, "पाठीला उशी देऊ का, सर?" काकू म्हणाल्या, "पंखा?" सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मला वाटलं, त्यांना दुखतंय. मी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. आता लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

पंचफुला काही बोलली नव्हती. ती बाजेशेजारी जमिनीवर बसली आणि तिने काकूंचा हात धरून त्यांनाही खाली बसवलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी गप्प झालो. मग ती सरांकडे बघत बसून राहिली. भिंतीवर घड्याळ होतं, साडेतीन झाले होते. सरांनी डोळे उघडले. ओठ हलले, थांबले, परत हलले. काकूंच्या तोंडून शब्द निघणार होता, पंचफुलाने त्यांचा हात हलकेच दाबला.

"पं... च... फुला," सर म्हणाले.

ती मान हलवून थांबून राहिली. तिला कळलं होतं की अजून व्हायचंय. किती वेळ गेला मला माहीत नाही.

"तुया... वर्गात," सर म्हणाले. श्वास घेतला. "मुकं... कोन... हाये?"

मला रडू फुटलं. मी तोंड फिरवून खिडकीकडे केलं. मागे पंचफुला बोलत नव्हती. ती विचार करत होती, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, घाई न करता. आणि मग ताटलीत बारीक आवाज झाला. वळून पाहिलं तर सरांची वाकडी बोटं एक चिंचोका उचलून पलीकडे नेत होती. मग दुसरा. ते तिच्या उत्तरासाठी थांबले होते.

पाचवा चिंचोका पलीकडे गेल्यावर ती बोलली. "एक हाये सर. कौसल्या. पाटीवर सगळं लिहिते, बोलत नाई." थोड्या वेळाने म्हणाली, "मी अजून थांबून राह्यली."

सरांचा अर्धा चेहरा हसला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, काहीतरी सांगायला. बाहेर रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. चार वाजले होते. पहिला शब्द अजून त्यांच्या ओठांवर यायचा होता, आणि मी उठलो नाही.